पडद्यावरचा क्रूस आणि कथेतली कृपा

मणिरत्नम यांच्या ‘थलपती’ या १९९१ सालच्या तमिळ चित्रपटाच्या आरंभी एक कोवळ्या वयाची अविवाहित माता आपले अर्भक मालगाडीच्या डब्यात ठेवते आणि गाडी निघून जाते. ते मूल परक्यांच्या घरी वाढते, एका दबंग मित्राच्या उपकाराला जन्मभर जागते आणि अखेर एकाच मातेच्या पोटी जन्मलेल्या भावासमोर उभे ठाकते. हा कर्ण आहे, हे भारतीय प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. नदीच्या जागी रेल्वे आली आणि पेटीच्या जागी डबा आला, तरी मूळ कथा त्याच्या मनात आधीच वसलेली असते. महाभारत ज्याला ठाऊक नाही अशा परदेशी प्रेक्षकालाही चित्रपट कळेल. परंतु त्यातला एक थर त्याच्या हातून निसटून जाईल.

पाश्चात्त्य कादंबऱ्या आणि चित्रपट यांच्या बाबतीत आपली अवस्था पुष्कळदा त्या परदेशी प्रेक्षकासारखी असते. युरोप-अमेरिकेतील कथावाङ्मयाच्या तळाशी शुभवर्तमानातील कथा आहे. निरपराध माणसाने दुसऱ्याचे ओझे स्वतःवर घेणे, विश्वासू सोबत्याने दगा देणे, क्रूसावरील मृत्यू आणि तिसऱ्या दिवशीचे पुनरुत्थान ही त्या कथेची प्रमुख वळणे. लेखक श्रद्धाळू असो वा नसो, ही वळणे त्याच्या भाषेतच मुरलेली असतात. त्यामुळे लोकप्रिय कलाकृतींमध्ये ख्रिस्ती आध्यात्मिक साम्यस्थळे शोधण्याची प्रथा तिकडे चर्चच्या प्रवचनांपासून विद्यापीठांच्या वर्गांपर्यंत सर्वत्र आढळते. प्रश्न असा की, अशी साम्यस्थळे खरी कोणती आणि ओढूनताणून आणलेली कोणती? हात पसरून उभा असलेला प्रत्येक नायक ख्रिस्तासारखा मानायचा काय?

दाखल्यांची परंपरा

कथेतून अध्यात्म सांगण्याची रीत ख्रिस्ती धर्मात बाहेरून आलेली नाही. स्वतः येशूने आपली शिकवण प्रामुख्याने दाखल्यांतून दिली. पेरणीला निघालेला शेतकरी, हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी स्त्री, सगळी संपत्ती उधळून घरी परतलेला पुत्र, वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाची शुश्रूषा करणारा शोमरोनी, अशी ही साधी माणसे. या कथांत धर्मशास्त्राची परिभाषा नाही. ऐकणाऱ्याने स्वतःला कथेत ओळखावे आणि मग काय ते समजून घ्यावे, अशी त्यांची रचना आहे.

विसाव्या शतकात या विचाराला नवे बळ मिळाले ते ऑक्सफर्ड येथे. सप्टेंबर १९३१ मधील एका रात्री मॉडलेन महाविद्यालयाच्या परिसरातील ॲडिसन्स वॉक या पायवाटेवर सी. एस. लुईस, जे. आर. आर. टॉल्किन आणि ह्यूगो डायसन हे तीन मित्र गप्पा मारत फिरत होते. तारुण्यात निरीश्वरवादी असलेले लुईस तोपर्यंत ईश्वराचे अस्तित्व मान्य करू लागले होते. पण ख्रिस्ताचे बलिदान आपल्या कामाचे कसे, हे त्यांना उमगत नव्हते. मरून पुन्हा जिवंत होणाऱ्या देवांच्या प्राचीन पुराणकथा मात्र त्यांना मनापासून आवडत. टॉल्किन यांचे म्हणणे असे होते की, या पुराणकथा असत्य नसून सत्याचे अंधुक कवडसे आहेत. ख्रिस्ताची कथाही तशीच पुराणकथा आहे, फरक एवढाच की ती प्रत्यक्षात घडली. त्यानंतर काही दिवसांतच लुईस यांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली.

टॉल्किन यांचे हे मत सर्वांना पटेल असे नाही, पटण्याची आवश्यकताही नाही. परंतु श्रद्धावान वाचक कादंबऱ्या-चित्रपटांत साम्यस्थळे का शोधतो, याचे उत्तर त्यात आहे. त्याच्या दृष्टीने हा शब्दकोड्याचा खेळ नसतो. माणूस कोणतीही मोठी कथा रचू लागला की त्या एका कथेचा प्रतिध्वनी त्याच्याही नकळत उमटतो, अशी त्याची धारणा असते.

दोन मित्र, दोन मार्ग

याच दोन मित्रांनी पुढे जगभर वाचल्या गेलेल्या अद्भुत कथा लिहिल्या. मात्र त्यांचे मार्ग वेगळे होते.

लुईस यांच्या नार्नियामालेतील पहिले प्रकाशित पुस्तक ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ १९५० साली आले. त्यावरील चित्रपट २००५ साली झळकला. एडमंड हा मुलगा मिठाईच्या मोहाने आपल्या भावंडांशी दगाफटका करतो. नार्नियाच्या आद्य नियमानुसार दगाबाजाच्या रक्तावर चेटकिणीचा हक्क असतो. अस्लान हा सिंह एडमंडच्या जागी स्वतःला तिच्या स्वाधीन करतो. त्याची आयाळ कापली जाते, त्याची विटंबना होते आणि दगडी मेजावर त्याचा वध होतो. पहाटे ते मेज दुभंगलेले असते आणि अस्लान जिवंत असतो. त्याला प्रथम पाहतात त्या दोन मुली. शुभवर्तमानातही रिकाम्या कबरेची वार्ता प्रथम स्त्रियांनाच कळते.

येथे साम्य उघड आहे. तरीही हे रूपक आहे असे लुईस मानत नसत. नार्नियासारखे एखादे जग खरोखर असते आणि त्यालाही तारणाची गरज असती, तर ख्रिस्त तेथे कोणत्या रूपात आला असता, अशी कल्पना आपण करून पाहिली, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. या कथेतील सर्वांत सूक्ष्म साम्यस्थळ मात्र दगडी मेजावर नाही. सुटका झालेल्या एडमंडशी अस्लान एकांतात बोलतो आणि नंतर झाल्या गोष्टीविषयी कोणी काही विचारू नये, असे इतरांना सांगतो. क्षमा केली की अपराधाची उजळणी करायची नाही, हा त्या प्रसंगाचा अर्थ. बालवाचकही तो सहज ग्रहण करतो.

टॉल्किन यांना रूपककथेचे वावडे होते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी ते स्पष्टपणे नोंदवले आहे. रूपककथेत लेखक आपला अर्थ वाचकावर लादतो. वाचकाने स्वतःच्या अनुभवाला कथा लावून पाहण्याचे स्वातंत्र्य त्यांना अधिक मोलाचे वाटे. दुसरीकडे, १९५३ सालच्या एका पत्रात याच कादंबरीला त्यांनी मुळात धार्मिक आणि कॅथलिक कृती म्हटले आहे. ही विसंगती वरवरची आहे. त्यांच्या मध्य-पृथ्वीत देवळे नाहीत, पुरोहित नाहीत, धर्मोपदेश नाही. ख्रिस्ताची एकच एक प्रतिमाही नाही. मरून परतणारा गॅन्डाल्फ, जीवघेणे ओझे वाहणारा फ्रोडो आणि ज्याच्या हातांनी रोगी बरे होतात असा परतून आलेला राजा ॲरागॉर्न या तिघांत तिचे कण विखुरलेले आहेत. अंगठीचा नाश होतो तो २५ मार्चला. गॅब्रिएल दूताने मरियेला वार्ता सांगितली तो हा सणाचा दिवस; जुन्या परंपरेत ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचाही हाच दिवस मानला जाई. टॉल्किन यांनी हा दिवस जाणूनबुजून निवडला, पण त्याचा गाजावाजा केला नाही.

या कादंबरीचा खरा आध्यात्मिक गाभा शेवटच्या प्रसंगात आहे. ज्वालामुखीच्या काठावर नायक हरतो. फ्रोडोला अंगठी टाकवत नाही. तो ती आपली म्हणून बोटात घालतो. जग वाचते ते गॉलममुळे. तो फ्रोडोच्या बोटासह अंगठी तोडून घेतो आणि तोल जाऊन ज्वाळांत कोसळतो. गॉलम तोवर जिवंत का असतो? तर कित्येक वर्षांपूर्वी अंधाऱ्या भुयारात बिल्बोला त्याची दया आली म्हणून, पुढे फ्रोडोलाही आली म्हणून. स्वतःच्या बळावर कोणी तरत नाही आणि लायकी न पाहता केलेली दया कधी ना कधी फळते, हा कृपेचा सिद्धान्त येथे ‘कृपा’ हा शब्दही न उच्चारता कथेच्या सांध्यात बसवलेला आहे. अकरा ऑस्कर पुरस्कार मिळवणाऱ्या २००३ सालच्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’ या चित्रपटातही हा प्रसंग थोड्या फरकाने आहे. युद्धाच्या गदारोळात तो नजरेतून सुटू नये.

खुणा फसव्या असतात

आता दुसरी बाजू पाहू. १९९९ सालच्या ‘द मॅट्रिक्स’ या चित्रपटात ख्रिस्ती खुणांची रेलचेल आहे. नायक निओ हा भाकीत केलेला तारणारा आहे. तो मरतो आणि पुन्हा उठतो. त्याच्या सोबतिणीचे नाव ट्रिनिटी, म्हणजे त्रैक्य. माणसांच्या अखेरच्या नगराचे नाव झायन, म्हणजे बायबलमधील सियोन. जेवणाच्या टेबलावर बसून सोबत्यांचा सौदा करणारा सायफर यहूदाची आठवण करून देतो. जहाजावरील पाटीवर मार्कच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायाच्या अकराव्या वचनाकडे निर्देश करणारे आकडे आहेत. परंतु दृश्य जग हा भ्रम आहे आणि ज्ञान झाले की मुक्ती मिळते, ही चित्रपटाची मूळ कल्पना ख्रिस्ती सिद्धान्तापेक्षा प्राचीन ज्ञानवादी पंथांना, बौद्ध विचाराला आणि आपल्याकडील मायावादाला अधिक जवळची आहे. मालिकेतील २००३ सालच्या तिसऱ्या चित्रपटात अंतिम संघर्षाच्या पार्श्वसंगीतात बृहदारण्यकोपनिषदातील प्रार्थनेचे संस्कृत बोल ऐकू येतात, ते उगाच नव्हे. पहिल्या चित्रपटातला तारणारा विजय मिळवतो तो मुख्यतः बंदुकांच्या जोरावर. ख्रिस्ती साम्य खरोखर दिसते ते तिसऱ्या भागाच्या शेवटी, निओ शत्रूशी तह करून स्वतःला त्याच्या हवाली करतो तेव्हा.

सुपरमॅनची कथा याहून बोधप्रद आहे. १९३८ साली प्रथम प्रसिद्ध झालेले हे पात्र निर्माण केले ते जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन ज्यू तरुणांनी. नष्ट होऊ घातलेल्या ग्रहावरून आईबापांनी एका छोट्या यानात घालून पाठवलेले बाळ पाहून अनेक अभ्यासकांना टोपलीतल्या मोशेची आठवण झाली. पुढे चित्रपटांनी त्याच्यावर ख्रिस्ताची वस्त्रे चढवली. २०१३ सालच्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये नायकाचे वय तेहेतीस आहे, तो चर्चमध्ये बसतो तेव्हा त्याच्या मागील काचचित्रात गेथशेमाने बागेतील प्रार्थना करणारा येशू दिसतो आणि अवकाशात तो क्रूसाकृती हात पसरतो. या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी पाद्र्यांना प्रवचनाची तयार टिपणेही पुरवण्यात आली होती. एवढे असूनही कथेचा तिढा सुटतो तो नायकाने शत्रूची मान मोडल्यावर. क्रूसाचा आकार आहे, परंतु क्रूसाचा अर्थ नाही. क्रूसावरचा माणूस शत्रूला मारत नाही, त्याच्यासाठी क्षमा मागतो.

याचा अर्थ असा की, नावाची आद्याक्षरे, वय, पसरलेले हात, तेरा जणांचे जेवण या खुणा लेखक-दिग्दर्शकांना सहज पेरता येतात आणि बाजारात विकताही येतात. साम्य तपासायचे ते कथा कशाच्या बळावर पुढे सरकते, यावरून.

कृपा आणि कायदा

या कसोटीवर उतरणारी सर्वांत समर्थ कादंबरी म्हणजे व्हिक्टर ह्यूगो यांची ‘ले मिझराब्ल’. ती १८६२ साली प्रसिद्ध झाली. पाव चोरल्याबद्दल पाच वर्षे आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांबद्दल आणखी चौदा, अशी एकोणीस वर्षांची शिक्षा भोगून ज्याँ व्हालज्याँ बाहेर पडतो. त्याला कोणी थारा देत नाही. बिशप मिरिएल त्याला जेवू घालतो, झोपायला जागा देतो. व्हालज्याँ रात्री त्याची चांदीची भांडी घेऊन पळतो. शिपाई त्याला पकडून आणतात, तेव्हा ही भांडी मीच दिली होती, असे सांगून बिशप वर चांदीची दोन शमादाने त्याच्या हाती ठेवतो.

येथे कोणाचेही हात क्रूसासारखे पसरलेले नाहीत. पण ख्रिस्ती धर्म ज्याला कृपा म्हणतो, तिचे सर्व घटक या प्रसंगात आहेत. ती मागितलेली नसते, घेणाऱ्याची तिच्यासाठी लायकी नसते आणि देणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते. शिवाय ती जादूसारखी काम करत नाही. बिशपच्या घरून निघालेला व्हालज्याँ लगेच एका गरीब पोराचे नाणे पायाखाली दाबतो आणि मग आपण काय केले हे उमजून धाय मोकलून रडतो. कोंबडा आरवल्यावर रडणारा पेत्र येथे आठवल्याशिवाय राहत नाही. पुढे त्याच्याऐवजी दुसराच माणूस पकडला जातो, तेव्हा तो स्वतः न्यायालयात उभा राहून आपले खरे नाव सांगतो. बिशपने जे त्याच्यासाठी केले तेच आता तो इतरांसाठी करू लागतो.

त्याच्या विरोधात उभा आहे इन्स्पेक्टर जाव्हेर. जाव्हेर दुष्ट नाही, लाचखाऊ नाही. तो नियमाचा मूर्तिमंत पुतळा आहे. व्हालज्याँ त्याला मारण्याची संधी असताना सोडून देतो आणि जाव्हेरच्या जगाचा पायाच ढासळतो. ज्या हिशेबात दया बसत नाही तो हिशेब घेऊन त्याला जगता येत नाही आणि तो सीन नदीत उडी घेतो. नियमशास्त्र आणि कृपा यांच्यातील जो ताण संत पौलाच्या पत्रांतून मांडला गेला आहे, तोच येथे दोन माणसांच्या पाठलागाच्या रूपाने उभा राहतो.

गंमत अशी की, या कादंबरीला चर्चने १८६४ साली निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकले. असा विरोध पुढेही झाला. हॅरी पॉटरच्या पुस्तकांत चेटूक आहे म्हणून अनेक ख्रिस्ती गटांनी त्यांवर टीका केली. पण २००७ सालच्या अखेरच्या पुस्तकात दोन थडग्यांवर बायबलमधील दोन वचने कोरलेली आहेत आणि नायक इतरांसाठी निःशस्त्र मृत्यूला सामोरा जातो. ही ख्रिस्ती साम्ये आपल्याला नेहमीच उघड वाटत आली, असे जे. के. रोलिंग यांनी त्याच वर्षी सांगितले. खुणा शोधणारा जसा फसतो, तसा खुणांना भिणाराही फसतो.

‘ले मिझराब्ल’ आपल्याकडेही आली. मुंबईत सोहराब मोदी यांनी तिच्यावर १९५५ साली ‘कुंदन’ हा हिंदी चित्रपट काढला आणि त्यात मुख्य भूमिकाही केली. फ्रेंच कादंबरी, पारशी दिग्दर्शक आणि बहुधर्मीय प्रेक्षक असा हा प्रवास आहे. कृपेची कथा समजण्यासाठी बाप्तिस्मा झालेला असावा लागत नाही, एवढे त्यावरून दिसते.

साम्य दिसते तेव्हा काय झाकले जाते?

साम्यशोधनाचा आणखी एक धोका आहे. स्टीफन किंग यांच्या ‘द ग्रीन माइल’ या १९९६ सालच्या कादंबरीवर १९९९ साली चित्रपट आला. जॉन कॉफी हा धिप्पाड कृष्णवर्णीय कैदी इतरांचे रोग स्वतःत शोषून घेतो आणि न केलेल्या गुन्ह्यासाठी विजेच्या खुर्चीवर मारला जातो. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे येशू ख्रिस्ताचीच आहेत. पण तो निर्दोष आहे हे ठाऊक असूनही पहारेकरी शिक्षा अमलात आणतात आणि कॉफी स्वतःच थकलो असल्याचे सांगून त्यांच्या मनावरचे ओझे हलके करतो. कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्यांच्या कल्याणासाठी खपावे आणि मुकाट मरावे, या साच्यावर समीक्षकांनी टीका केली ती यामुळेच. ख्रिस्ती दृष्टीनेही ही टीका रास्त आहे. शुभवर्तमानात बळी निष्पाप आहे आणि त्याला मारणारी व्यवस्था अपराधी आहे. पिलाताने हात धुतले, तरी ते स्वच्छ झाले नाहीत. कॉफीत ख्रिस्त दिसला आणि पहारेकऱ्यांत पिलात दिसला नाही, तर साम्य अर्धेच पाहिले असे होते.

याउलट गॅब्रिएल ॲक्सेल यांचा ‘बॅबेट्स फीस्ट’ हा १९८७ सालचा डॅनिश चित्रपट पाहावा. पॅरिसमधून परागंदा झालेली स्वयंपाकीण लॉटरीत मिळालेले दहा हजार फ्रँक एकाच मेजवानीवर खर्च करते. जेवायला बारा जण आहेत आणि एकमेकांवरील जुने राग मनात धरून बसलेली ही भाविक म्हातारी मंडळी अन्नाची चव घेणार नाही असे ठरवूनच आलेली आहेत. जेवण संपेपर्यंत त्यांची भांडणे मिटतात. दिलेल्या देणगीची किंमत त्यांना कळतही नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबजीवनावरील आपल्या पत्रकात या कथेचा आवर्जून उल्लेख केला होता. येथे प्रभुभोजनाचे साम्य बारा या आकड्यात नाही. सर्वस्व देऊन परतफेडीची अपेक्षा न ठेवणाऱ्या हातांत ते आहे.

वाचकाने काय पाहावे?

तेव्हा एखाद्या कादंबरीत वा चित्रपटात ख्रिस्ती अध्यात्माचे प्रतिबिंब आहे काय, हे पाहताना तीन प्रश्न उपयोगी पडतात. कथेत कोणी दुसऱ्याचे देणे स्वतः फेडतो काय, आणि त्याची खरी किंमत मोजतो काय? ज्याला ते मिळाले तो बदलतो काय, की केवळ वाचतो? आणि साम्य बाजूला ठेवले तरी कथा स्वतःच्या पायावर उभी राहते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर ती कलाकृती प्रचारपुस्तिका होण्याचा संभव अधिक.

मराठी वाचकाला हा व्यवहार अगदी परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापले, तेव्हा ख्रिस्ताची कथा ओवीत घातली आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. परकी कथा आपल्या छंदात ऐकण्याची सवय मराठीला चार शतकांची आहे. इंग्रजी कादंबरी वा चित्रपट समोर आल्यावर त्याच्या तळाची कथाही कानावर पडू द्यावी, एवढाच याचा पुढचा टप्पा. ती ऐकून कोणी श्रद्धाळू होईल असे नाही. पण बिशपने शमादाने का दिली आणि जाव्हेरला ते का सोसले नाही, हे अधिक खोलवर कळेल. आणि आपल्या स्वतःच्या हिशेबाच्या वहीत दयेला किती जागा आहे, हे एकदा तपासून पाहावेसे वाटेल.